मार्कलिस्टपेक्षा ते कात्रण काळजीचं आहे

प्रश्न : मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला 78 टक्के होते, पहिल्या वर्षाला 61 वर आला. कारण एकच, नगरपरिषदेच्या बंबामागे पळणं. फोन आला की पुस्तक टाकून जातो. एक रुपया मिळत नाही. हल्ली रात्री दहानंतर मी दाराला आतून कुलूप लावतो. किल्ली आणि त्याचा मोबाईल माझ्या उशाखाली असतो. पदवी झाली की पुण्यात एमपीएससीच्या क्लासला घालायचं ठरवलं आहे. आमचे एक नगरसेवक म्हणतात, दोन वर्षं असाच येत राहिला तर फायरमन म्हणून चिकटवून घेऊ. मार्कलिस्ट आणि पेपरातल्या बातमीचं कात्रण जोडलं आहे. कृपया त्याला समजवा. (एक पालक, तालुक्याचं गाव)

उत्तर :

नमस्कार. मार्कलिस्ट पाहून बाजूला ठेवली. पदवीच्या पहिल्या वर्षात टक्के घसरणं नवीन नाही. जी मुलं संध्याकाळभर कट्ट्यावर बसतात त्यांचेही घसरतात, आणि त्यांच्या पालकांची पत्रं मला येत नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच. कुलूप तुम्ही लावता, मोबाईल तुम्ही ठेवता, पुण्याचा क्लास तुम्ही ठरवलात. मुलाला काय हवंय, हे दोन पानी पत्रात एका ओळीतही नाही. त्याला विचारलंत का? मतदान करण्याच्या वयाचा मुलगा आहे. त्याला कोंडून एमपीएससी होत नाही. उलट ज्या दिवशी तो पुण्याला जाईल, त्या दिवशी पहिलं काम करेल ते तिथल्या फायर स्टेशनचा पत्ता शोधायचं. शिवाय, ज्या बंबावाल्यांवर तुमचा राग आहे, त्यांनाच एकदा या कुलपाबद्दल विचारा. घराला आग लागते तेव्हा माणसं बहुतेकदा ज्वाळांच्या आधी धुरानं जातात, आणि धुरात अंधारात कुणाच्या उशाखालची किल्ली सापडत नाही. साधी कडी लावा. मुलासाठी नव्हे, घरात झोपणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतोय.

आता कात्रण. कडा सरळ कापलेल्या, मागे पुठ्ठा, कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात तारीख. मुलाच्या उद्योगांना वैतागलेला माणूस कात्रण इतकं जपत नाही. तुम्हाला त्याचं कौतुक आहे आणि भीतीही वाटते, आणि दोन्ही तोंडानं सांगता येत नाही म्हणून मार्क पुढे केलेत. भीती वाटते असं त्याला सरळ सांगा. ती खोटी नाहीच. फोटोत विहिरीतून वासरू वर येतंय आणि तुमचा मुलगा खाली उभा आहे : पाय उघडे, कमरेला साधा कासरा, तोंडाला रुमाल. बातमीत 'धाडसी तरुण' असं म्हटलंय. माझ्या मते दैव बलवत्तर होतं.

जुन्या, बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी जड वायू साचतात आणि प्राणवायू कमी झालेला असतो. रुमालानं धूळ अडते, वायू अडत नाही, आणि नसलेला प्राणवायू तर रुमाल कुठून आणणार? एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात आणि त्यातले मेलेले बहुधा वाचवायला गेलेले असतात. शिकलेला माणूस आधी आत हवा आहे का ते तपासतो, पाठीवर श्वसनसंच घेतो, वर दोर धरणारी माणसं ठरवतो. आणि हे काही नसेल तर उतरत नाही. न उतरणंही शिकावं लागतं. बंबाच्या पाण्याचंही तसंच. पूर्ण दाबाच्या पाइपचं तोंड एकट्या नवख्याच्या हातात दिलं तर ते त्यालाच आपटतं.

त्या नगरसेवकांच्या आश्वासनाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मनातून तुम्हीही त्यावर थोडा विश्वास ठेवून आहात. फुकट राबल्यानं नगरपरिषदेत कुणी कायम होत नाही. जाहिरात निघते, परीक्षा होते, शारीरिक चाचणी होते. भरतीची रीतसर प्रक्रिया टाळून घेतलेल्या हंगामी माणसांना कायम होण्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच उमादेवी खटल्यात सांगितलं आहे. ती माणसं निदान हजेरीपटावर तरी होती. तुमच्या मुलाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. उद्या त्याला काही झालं तर नगरपरिषद म्हणेल, हा कोण? स्वयंसेवेचा भरतीत उपयोग व्हायचा असेल तर होमगार्डचा विचार करा. तिथं तीन वर्षं सेवा झाली की पोलीस, वन आणि अग्निशमन दलाच्या भरतीत 5 टक्के आरक्षण आहे.

नोकरीच म्हणाल तर दहावीवर राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम, पदवीवर उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा, आणि नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. वयाची आणि उंची-छातीची अट आधी पाहा. 'शंभर टक्के नोकरी'चे फलक लावलेल्या खासगी डिप्लोमांना पैसे देऊ नका.

पण त्याला नोकरीच हवी आहे, हे तरी कुणी ठरवलं? शिक्षक, दुकानदार किंवा तुम्ही म्हणता तसा अधिकारी होऊनही माणूस हे काम करू शकतो. चिलीत अख्खं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे, 1851 पासून. जर्मनीतल्या लहान गावांतही तेच. मात्र तिथं आधी प्रशिक्षण आणि मग गाडीवर जागा. आपल्याकडे फोन येतो आणि मुलगा चपला घालून धावतो. (फोटोत त्याही नव्हत्या.)

म्हणून पुढचं त्याच्यासाठी लिहितो, त्याला वाचायला द्या. बाळा, प्रशिक्षण होईपर्यंत कॉलवर जायचं नाही. स्टेशनवर जा, पाइप गुंडाळायला शिक, पंप समजून घे, गर्दी आवर. आग आणि विहीर नाही. हे वडिलांच्या बाजूनं बोलत नाहीये. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले, आणि ते शिकलेले, सरावलेले लोक होते. शिकूनही जिथं धोका उरतो तिथं न शिकता जाऊ नये. कॉलेजात एनएसएस किंवा एनसीसी असेल तर युवा आपदा मित्र योजनेची, म्हणजे तरुण स्वयंसेवकांना आपत्तीतल्या मदतीचं प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी योजनेची, चौकशी कर. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा. अभ्यास सोडू नकोस. पंपाचा दाब आणि ज्वलनाचं रसायन तुझ्या बीएस्सीच्याच पुस्तकांत आहे.

आणि तुम्ही, त्याला समजवायचं काम माझ्यावर टाकण्यापेक्षा एक अर्ज लिहा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, बापलेकांच्या सहीनं. मुलाची स्वयंसेवक म्हणून लेखी नोंद होणार का, अपघात विमा काढणार का, हेल्मेट-बूट देणार का आणि प्रशिक्षणाला कधी पाठवणार, एवढंच विचारा. उत्तर 'नाही' आलं तर त्यानं जाऊ नये, आणि तेव्हा तुम्ही त्याला अडवलंत तर मी तुमच्या बाजूनं असेन. अर्ज आवक-जावकला द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. नगरसेवकांच्या हातात देऊ नका.