वाचकांचे प्रश्न: नव्या टीव्हीवर टॉम क्रूझ शिरेलमधला का वाटतो?

मागच्या अंकात 'मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट' घरी परत बघितला एवढंच दोन ओळीत लिहिलं होतं, तर त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. रायगडपासून पार वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं हा पिक्चर घरी बघतायत आणि प्रत्येकाची अडचण वेगळी. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, निवडक पाच घेतोय.

दादा, गणपतीत भाऊ-वहिनी मुंबैसून येतत म्हणून यंदा ५५ इंची फोरके टीव्ही घेतला. आरती झाल्यावर सगळे बसले आणि फॉलआउट लावला. मी हा २०१८ ला कोल्हापुरात थेटरात बघितलेला, तेव्हा अंगावर काटा आलेला. घरी मात्र सगळं कसं गुळगुळीत, माणसं सरकल्यासारखी चालतात. आई तर म्हणाली, "अरे ह्यो पिच्चर हा की शिरेल?" दुकानदाराला फोन केला तर म्हणतो चित्र क्लिअर आहे, तुम्हाला सवय नाही. टीव्ही खराब लागलाय का? – एक वाचक, मालवण

टीव्ही चांगला आहे, आणि तुमच्या आईंची नजर त्याहून चांगली आहे. त्यांनी जे ओळखलं ते दुकानदाराला सांगता आलं नाही.

असं आहे बघा. पिक्चर शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमनी, म्हणजे एका सेकंदात २४ फोटो. नवीन टीव्ही सेकंदाला पन्नास-साठ वेळा, काही तर शंभर-एकशेवीस वेळा चित्र बदलतो. मग कंपन्यांनी काय केलं, दोन फ्रेमच्या मधे टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने नवीन फ्रेम बनवून घुसवायच्या अशी सोय दिली. ह्याला मोशन स्मूदिंग म्हणतात. क्रिकेटला हे बरं, बॉल सलग दिसतो. पण पिक्चरमधे ती मधली चित्रं कॅमेऱ्याने काढलेलीच नसतात, टीव्हीने मनाने रंगवलेली असतात, आणि मग सगळा पिक्चर स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्याने काढलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

हे फक्त आपल्यालाच खुपतं असं नाही. फॉलआउटची डिस्क ज्या दिवशी अमेरिकेत बाजारात आली, ४ डिसेंबर २०१८, त्याच दिवशी टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी या दोघांनी एक छोटा व्हिडिओ टाकला होता. पुढच्या पिक्चरच्या सेटवर उभं राहून दोघं जगाला सांगत होते की बाबांनो, तुमच्या टीव्हीतलं हे सेटिंग आधी बंद करा. एवढा मोठा स्टार आपला पिक्चर घ्या म्हणून सांगायला येतो आणि रिमोटवरचं बटण कुठलं दाबायचं ते सांगत बसतो, मला तरी हे फार मनापासून आवडलं.

आणि त्याला एवढं का लागलं ते पण कळतं. लंडनमधला तो गच्चीवरून गच्चीवर उडी मारायचा सीन आठवा. ऑगस्ट २०१७ मधे तो शूट करताना समोरच्या भिंतीवर पाय आपटून त्याचा घोटा मोडला. पुढे कित्येक आठवडे त्याचं शूटिंग बंद होतं. पण पिक्चरमधे जो शॉट आहे तो तोच आहे, घोटा मोडलेलाच. पाय भिंतीवर विचित्र वाकतो, तो हातांनी स्वतःला वर ओढतो आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. तुमच्या टीव्हीवर तो वाकलेला पाय रबरासारखा दिसला असणार, कारण त्यातल्या अर्ध्याहून जास्त फ्रेम टीव्हीने बनवलेल्या होत्या. माणसाने हाड मोडून घेतलं आणि आपल्याला ते खोटं वाटलं, हे वाईट आहे.

आता उपाय. रिमोटवर सेटिंग, त्यात पिक्चर, मग अॅडव्हान्स असं काहीतरी असेल तिथे जा. एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो, सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी अशी नावं असतात, ते बंद करायचं. २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हीत फिल्ममेकर मोड आलाय, तो असेल तर तोच लावा, एका फटक्यात काम होतं. दुकानात शोरूमच्या उजेडासाठी व्हिव्हिड मोड लावलेला असतो तोही काढा, नाहीतर सगळे लोक हळद लावल्यासारखे दिसतात. एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात, अनेक टीव्हींमधे प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं असतं, म्हणजे सेटटॉप बॉक्सला बंद केलं तरी डिस्क प्लेअरच्या एचडीएमआयला चालूच राहतं, तिथे जाऊन परत बंद करावं लागतं. मग पॅरिसच्या बाथरूममधली मारामारी लावा, पांढऱ्या टाईल्स, आरसे, आणि हेन्री कॅव्हिल बाह्या झटकून मुठी तयार करतो तो क्षण. हाताच्या कडेला पाण्यासारखं थरथरणं दिसलं नाही तर काम झालं समजा. आणि आईंना परत बोलवून दाखवा, त्या बरोबर सांगतील.

माझा चुलतभाऊ दुबईला असतो, त्याने येताना फॉलआउटची डीव्हीडी आणली. सगळीकडे पिक्चर १४७ मिनिटांचा लिहिलाय, माझ्याकडे १४१ मिनिटांतच संपतो. सहा मिनिटं कापली का? दुसरं म्हणजे शेजाऱ्यांच्या प्लेअरवर ती लागतच नाही, रिजन एरर येतो. – एक वाचक, रत्नागिरी

एकही सीन कापलेला नाही, निर्धास्त राहा. आपल्याकडे आणि दुबईला डीव्हीडी 'पाल' (PAL) नावाच्या टीव्ही-पद्धतीची असते, ती सेकंदाला २५ फ्रेमनी चालते. पिक्चर २४ चा. मग तो सरळ जरासा जोरात पळवतात, चार टक्के. १४७ ला २४ ने गुणा आणि २५ ने भागा, १४१ येतात. तुमचा हिशोब अगदी बरोबर होता, नुसतं कारण वेगळं निघालं.

पण आवाजही त्यामुळे किंचित चढतो, आणि गाण्याबजावण्याचा कान असलेल्यांना ते जाणवतं. लालो शिफ्रिन यांनी १९६६ साली मूळ टीव्ही मालिकेसाठी बांधलेली ती पाच मात्रांची प्रसिद्ध धून असल्या डीव्हीडीवर जराशी वरच्या पट्टीत ऐकू येऊ शकते. तुमच्याकडे कोणी भजनात पेटी वाजवणारं असेल तर बसवा आणि विचारा. ब्लू-रेला, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कला, हा प्रकार नाही, तिथे २४ चे २४ राहतात आणि पिक्चर पूर्ण १४७ मिनिटं चालतो.

रिजनचं म्हणाल तर कंपन्यांनी डिस्कसाठी जगाचे भाग पाडलेत, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर लागत नाही; भारत डीव्हीडीसाठी रिजन ५ मधे येतो आणि दुबई २ मधे. तुमचा प्लेअर मल्टिरिजन, म्हणजे सगळ्या भागांच्या डिस्क लावणारा असणार, शेजाऱ्यांचा नाही, एवढंच. कॉम्प्युटरमधे लावणार असाल तर जपून, कारण तिथल्या ड्राइव्हला रिजन फक्त पाचदा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा. ब्लू-रेला पण रिजन असतात, आपण तिथे सी मधे. फोरके डिस्कला मात्र रिजनच नाही, जगात कुठूनही आणा, फोरके प्लेअरवर लागते. भावाला पुढच्या वेळी हेच सांगा.

आणि हो, त्याला हेही सांगा की विमानातून उडी मारायचा तो मोठा सीन पॅरिसचा दाखवलाय पण शूट झालाय दुबईच्या बाजूला, अबुधाबीत. २५,००० फुटांवरून, संध्याकाळचा ठराविक उजेड पाहिजे म्हणून दिवसाला मोजून एकच टेक, आणि तो शॉट जमेपर्यंत सराव धरून शंभरच्या वर उड्या.

शेवटचा हेलिकॉप्टरचा भाग काश्मीरमधला आहे ना? आमच्यात पैज लागलीय. – मित्रमंडळ, देवगड

गोष्टीत काश्मीर, शूटिंग मात्र तिकडे नाही. हेलिकॉप्टर न्यूझीलंडमधे उडवलीत, क्रूझ स्वतः चालवायला शिकला होता. आणि शेवटचा तो उभा कडा नॉर्वेतला प्रायकेस्टोलेन. पैज जो "नाही" म्हणाला तो जिंकला.

घरात नेट आहे, पिक्चर महिन्याच्या पैशात मोबाईलवरही मिळतो. मग डिस्कवर पैसे घालवायचे कशाला? मुलगा म्हणतो बाबा तुम्ही जुन्या जमान्यातले. – एक वाचक, वेंगुर्ले

मुलाचा राग धरू नका, त्याने फरक बघितलेला नाही म्हणून तो तसं म्हणतो. नेटवरून येणारा फोरके पिक्चर साधारण सेकंदाला पंधरा-वीस मेगाबिटने येतो. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० पर्यंत जागा असते, फोरके डिस्कवर त्याच्याही कितीतरी वर. धूर, पाऊस, अंधार, हे सगळं नेटवर आधी फुटतं, चौकोन चौकोन दिसतात. आवाजात तर जमीन-अस्मान, डिस्कवरचा आवाज एक कणही न कापता येतो.

ह्या पिक्चरचं अजून एक, आयमॅक्ससाठी, म्हणजे जास्त उंच पडद्याच्या थेटरांसाठी, जे सीन घेतले होते ते ब्लू-रे आणि फोरकेवर वर-खाली मोठे होतात. आधी वर आणि खाली काळी पट्टी असते, आणि हेलिकॉप्टरचा भाग आला की ती पट्टी निघून जाते आणि अख्खा टीव्ही भरतो. पहिल्यांदा बघताना मी नकळत पाटावरून मागे सरकलो होतो. शिवाय डिस्कवर मॅक्वारी आणि क्रूझ दोघं बसून अख्ख्या पिक्चरवर बोललेत, कुठला शॉट कसा घेतला, काय फसलं. मॅक्वारी आणि एडिटर एडी हॅमिल्टन यांचं वेगळं, संगीतकार लॉर्न बाल्फ यांचं वेगळं. ज्याला पिक्चर बनवणं शिकायचंय त्याला ही कॉलेजसारखी गोष्ट आहे, तुमचा मुलगा रील बनवत असेल तर त्याला आधी हेच ऐकवा.

आणि आपल्या किनाऱ्यावरचं कारण तर वेगळंच. जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडे, मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा तुमच्या सिंधुदुर्गात, लाईट नाही, टॉवर बंद, कितीतरी दिवस. नेटवरचं सगळं तेव्हा कुठे होतं? इन्व्हर्टरवर किंवा कोणाच्या जनरेटरवर तासभर वीज मिळाली तर जे कपाटात होतं तेच लागत होतं. शिवाय नेटवरचा पिक्चर कधी काढून टाकतील सांगता येत नाही, आज आहे उद्या नाही. सगळे पिक्चर घ्या असं मी म्हणत नाही, जे चार-पाच जिवाजवळचे असतील ते डिस्कवर असावेत.

चिपळूणला आमच्या घरात २२ जुलै २०२१ ला पाणी शिरलं ते सगळ्यांना माहीत आहेच. माझ्या जवळपास साठ डिस्क पाण्यात होत्या, बाँडचा 'कसिनो रोयाल', मिशन इम्पॉसिबलचे जुने भाग, शिवाय आमच्या लग्नाच्या दोन सीडी. तेव्हा गोणीत भरून माळ्यावर टाकल्या, बघवत नव्हतं. आता घर रंगवायला काढलं तर गोणी समोर आली. चिखल सुकून दगड झालाय. टाकून देऊ का? – एक वाचक, चिपळूण

अजिबात टाकू नका. पत्र दोनदा वाचलं, बघवत नव्हतं हे समजू शकतो.

डिस्क म्हणजे प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट, पाण्याने ती मरत नाही. मारते ती घासाघाशी. वाशिष्ठीचा गाळ सुकल्यावर सँडपेपरसारखा असतो, तो कपड्याने पुसायला गेलात तर तिथेच संपलं. आधी टबात साधं गोडं पाणी घ्या, एका वेळी पाच-सहाच सोडा, आणि गाळ आपोआप सुटेपर्यंत बसू द्या, पाणी दोन-तीनदा बदला. मग नळाखाली धरा. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाच्या पेराने, हलक्या हाताने. पुसायचं मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही. कारण डिस्कवरचं सगळं गोल फिरत लिहिलेलं असतं, आडवा ओरखडा पडला तर प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून तेवढं भरून काढतो, पण ओरखडा गोल गेला तर सलग अख्खा तुकडाच जातो. आंब्याची साठं घालतो तशा उन्हात वाळत टाकू नका, वाकतात. पंख्याखाली मऊ सुती कपड्यावर उभ्या टेकवा. वेष्टनातले कागद वेगळे काढून वाळवा, चिकटले असतील तर ते सोडून द्या, डिस्क वाचवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीव्हीडीत माहिती दोन प्लास्टिकच्या मधे असते म्हणून ती दोन्हीकडून राखलेली. सीडीत तसं नाही, तिथे माहिती वरच्या नाव लिहिलेल्या बाजूला, लॅकरच्या पातळ थराखाली लगेच असते. म्हणजे तुमच्या लग्नाच्या सीडीची चमकती बाजू नाही, लेबलची बाजू जपायची आहे. तिला कागद चिकटला असेल तर ओढू नका, चंदेरी थर कागदाबरोबर निघून येतो आणि मग काहीच उरत नाही. त्यातून ती स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर बर्न केलेली, म्हणजे कोऱ्या सीडीवर लिहिलेली असणार, ती उन्हाने आणि दमटपणाने तशीही लवकर जाते. म्हणून बाँडला हात लावू नका, पहिल्यांदा त्या दोन धुवा, पूर्ण सुकल्या की प्लेअरमधे न लावता सरळ कॉम्प्युटरवर कॉपी करा, आणि दोन ठिकाणी ठेवा, एक कॉपी मुंबई-पुण्याला कोणाकडे तरी. अडकत असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, एका ड्राइव्हला न वाचणारी दुसऱ्याला वाचता येते असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

माझ्याकडे कॅसेटी होत्या, व्हीएचएस, त्या मी असंच नंतर बघू म्हणून माळ्यावर ठेवल्या. एका पावसाळ्याने त्यांच्या टेपच्या कडेला पांढरे कापसासारखे धागे धरले, बुरशी, आणि ती टेप मशीनमधे घातली तर मशीनही गेलं. त्यात भाच्याच्या मुंजीचं शूटिंग होतं. तुमच्या त्या दोन सीडी ह्याच आठवड्यात काढा. बाकीच्या अठ्ठावन्न दिवाळीपर्यंत सावकाश झाल्या तरी चालतील, फक्त धुतल्यावर झाकणाच्या घट्ट डब्यात उभ्या ठेवा आणि चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार-पाच टाका. आणि लग्नाची सीडी लागली की मला कळवा.