मॉइश्चरायझरची पारख

प्रश्न : त्वचेला इजा न करता मॉइश्चरायझरचा परिणाम कसा मोजतात?

उत्तर : त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगी थर बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो, आणि त्यातील पाणी वाढले की त्याची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते; कॉर्निओमीटरची छोटी शलाका हाताच्या आतील बाजूस क्षणभर टेकवून हीच धारिता नोंदवली जाते. त्वचेतून सतत उडून जाणारी वाफ दुसऱ्या उपकरणाने मोजतात. दोन्ही आकडे आवश्यक असतात, कारण ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, तर पेट्रोलियम जेली मुख्यतः बाष्पीभवन रोखते. मोजणीपूर्वी त्या व्यक्तीला नियंत्रित तापमानाच्या व आर्द्रतेच्या खोलीत काही वेळ शांत बसवतात (घामाने आकडे सहज बिघडतात), आणि शेजारचा क्रीम न लावलेला भाग तुलनेसाठी ठेवतात. क्रीम लावताच घेतलेल्या नोंदीवर मात्र फारसा भरवसा ठेवू नये, कारण तीत क्रीममधील पाणीही मोजले जाते.