ट्रंकेतल्या सात साड्या

"आमचं गाव राजापूर तालुक्यात. दर मे महिन्यात आम्ही चौघं वीस दिवस जातो, नणंदही मुलांना घेऊन येते. सासूबाई प्रेमळ आहेत, मुलं रमतात. पण गावी राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई माझ्याशी तुटक वागतात. विचारलं तेवढ्याचं उत्तर, बास. मी दरवर्षी त्यांना चांगली साडी नेते. गेल्या वर्षी चादर काढायला ट्रंक उघडली, तर माझ्या सातही साड्या घडी न मोडता तशाच! मिस्टर म्हणतात, दुर्लक्ष कर. यंदाची तिकिटं काढलीत, पण मन होत नाही. त्यापेक्षा मी मुलांना घेऊन माहेरी राहू का?"
– अस्वस्थ, डोंबिवली

अगं अस्वस्थ,

तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते त्या ट्रंकेसाठी. तू रागाच्या भरात ती एका ओळीत उरकलीस. साड्या आवडल्या नसत्या तर एखादी भाचीला गेली असती, एखादी भांडीवालीच्या पातेल्यावर. सातच्या सात जपून ठेवल्यात. मग नेसत का नाहीत? मला सांग, नेसून जायचं कुठे?

तुम्ही चाकरमानी गाडीतून उतरता तेव्हा गावातल्या बाईची काय तारांबळ असते, बघितलंस कधी? आमसुलांसाठी रातांबे फोडून सालींना रसाची पुटं द्यायची, आंब्याची साठं उन्हात घालायची, पाऊस यायच्या आत लाकडं पडवीत भरायची. विहिरीने तळ गाठलेला. त्यात घरात दहा-बारा पानं. आणि सकाळचे घावणे! बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच निघतो. पहिला खाणाऱ्याची आंघोळ उरकली तरी काढणारीचा स्वतःचा अजून पिठातच असतो. अशा बाईने तुझ्याशी गोड गप्पा कधी मारायच्या?

आणि एक बघ. नणंद येते ती माहेरपणाला. तू रुसलीस तर तुलाही माहेर आहे. जाऊबाईंचं माहेर कुठे, ते तुझ्या पत्रात नाही. तुला ठाऊक तरी आहे का? शाळांना सुट्टी लागली की लेकींनी माहेरी जायचं, तो हाच महिना. नेमका तोच तुम्ही सगळे मिळून त्यांच्या चुलीपाशी काढता, वर साडी देता.

मुलं रमतात म्हणतेस. रमणारच, आयतं मिळतंय. 'दुर्लक्ष कर' या सल्ल्यावर मी जागा वाया घालवत नाही.

तिकिटं रद्द करू नकोस. कोकण रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याची तिकिटं हातोहात जातात. चौघांची मिळवलीस, म्हणजे जमवाजमव तुला येते. तीच आता जाऊबाईंसाठी कर. आज रात्रीच फोन लाव, व्हॉट्सॲप नको. म्हण, "वहिनी, आम्ही पोचलो की दुसऱ्या दिवशी तुम्ही आठ दिवस माहेरी जायचं. घर मी बघते." 'जाल का?' असं विचारू नकोस, त्या नाहीच म्हणतील. सासूबाईंशी तुझ्या नवऱ्याने बोलायचं, आई त्याची आहे. नणंदेच्या हाती विळी दे, माहेर असलं म्हणून काय झालं! खर्चाचं कारण कुणी पुढे करेल तर सांग, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

तुझे पहिले चार घावणे तुटतील. मुलांना तुकडे खाऊ घाल. पाचव्याला हात बसतो.

यंदा नवी साडी नेऊ नकोस. ट्रंक उघड, सातांतली कुठली ते त्यांना ठरवू दे, आणि थांब्यापर्यंत त्यांची पिशवी तू धर.