तीन टनी मिनी पोकलेन नेण्यासाठी कोणता ट्रेलर घ्यावा?

केवळ माहितीपत्रकातील वजनावर निर्णय घेऊ नये. जादा बकेट, खडक फोडायचा ब्रेकर, डिझेल आणि चेनमध्ये अडकलेला चिखल धरून बेरीज करावी, आणि ट्रेलरच्या मंजूर एकूण वजनातून त्याचे रिकामे वजन वजा करून उरणाऱ्या क्षमतेशी ती ताडून पाहावी. उसाची उंच ट्रॉली हाताशी असली तरी तिच्यात पोकलेन चढवणे मला धोक्याचे वाटते, कारण वळणावर ती कलंडू शकते. बुटका, दोन ॲक्सलचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर घ्यावा. रॅम्प लांब हवेत. आखूड रॅम्पच्या माथ्यावर यंत्र एकदम पुढे झुकते. यंत्राचा भार ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवावा, म्हणजे ट्रेलर वेगात झोके घेत नाही. बूम, म्हणजे यंत्राचा पुढचा लांब हात, खाली टेकवून चारही कोपरे साखळदंडाने आवळावेत.