अली की टायसन? पेढ्यांची पैज

प्रश्न : टपरीवर रोज वाद होतो. ऐन भरातले मुष्टियोद्धे मुहम्मद अली आणि माईक टायसन भिडले तर कोण जिंकेल? किलोभर पेढे लागलेत. – एक वाचक, उदगीर

उत्तर : पेढे अलीवर लावा, पण चौथी फेरी संपेपर्यंत जिवाला घोर राहील. मी 1966 चा अली धरतो आणि 1988 चा टायसन. त्या साली टायसननं मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवलं होतं. गडी बुटका, पाच फूट दहा इंच. अली सहा फूट तीन.

आमच्या गावच्या जत्रेत असाच एक ठेंगणा पैलवान यायचा. हलगी तापायच्या आत तो पटात घुसायचा. पाच मिनिटांत निकाल, नाहीतर मग भात्यासारखा धापा टाकायचा. टायसनचं थोडं तसंच. 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसनं लांब हातानं डाव्या ठोशावर त्याला रोखलं आणि दहाव्या फेरीत आडवं केलं. अलीचा डावा तर त्याहून चपळ.

धोका एकच. 1971 मध्ये जो फ्रेझर, तोही बुटकाच, पंधराव्या फेरीत डावा हूक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) मारून अलीला पाडून गेला. टायसनचा हूक त्याच जातीचा. (तेव्हाचा अली मात्र साडेतीन वर्षांच्या बंदीतून आलेला, हे टपरीवर सांगाच.)

माझा कौल : अली, नववी-दहावी फेरी. पेढे खव्याचेच घ्या.