धुराडं चाललं, मग माझा बंगला का नको?

प्रश्न : आमचं घर जयगड खाडीच्या काठी, गुहागर तालुक्यात. जांभ्याचं, कौलारू, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मुंबईचे धाकटे दीर ते पाडून गच्चीचा बंगला बांधायचं म्हणतात. तळमजला, वर दोन मजले, खाडीच्या अंगाला निळी काच. मी म्हटलं, फेरीबोटीतून येताना आपली वाडी माडांत लपलेली दिसते, त्यात हे डोळ्यांत खुपेल. तर म्हणाले, "वहिनी, पलीकडे वीज प्रकल्पाचं एवढं धुराडं उभं राहिलं तेव्हा कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही, माझंच घर खुपतं होय?" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय माकडं दर वर्षी कौलं फोडतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही, हेही खरंच. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या भावजींचा प्रश्न बिनतोड आहे. मी तो दोन दिवस डोक्यात घोळवला.

आधी कबुली देतो. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून मी एकतीस वर्षं काढली, आणि फावल्या वेळात गावोगावच्या लोकांना घरांचे नकाशे काढून दिले. सगळे स्लॅबचे, सपाट. माझं स्वतःचं घरही तसंच. चौथ्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागली. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याला सपाट छप्पर म्हणजे परात. डांबर झालं, केमिकल झालं, शेवटी वर लोखंडी सांगाडा उभारून हिरवा पत्रा ठोकला. आज कोकणात कुठेही बघा, बंगला पिवळा-जांभळा आणि डोक्यावर पत्र्याची टोपी. म्हणजे उतरतं छप्पर काढून टाकायला एकदा पैसे आणि ते परत चढवायला पुन्हा पैसे. भावजींना हा हिशेब आधी दाखवा. शोभेची गोष्ट मागाहून काढा.

आता धुराडं. ते मला आवडतं असं नाही. १२०० मेगावॅटचा प्रकल्प झाकायचा म्हटला तरी झाकणार कशाने? पण ते खाडीपलीकडे आहे, आणि ते बघून कुणी आपल्या परसात धुराडं बांधत नाही. बंगला बघून बंगला बांधतात. वाडीतला पहिला निळ्या काचेचा बंगला म्हणजे पुढच्या दहांचा नकाशा. मी हे टेबलावर बसून पाहिलंय. लोक कागद आणत नसत, "अमक्यासारखं काढा" एवढंच सांगत.

आणि काचेचं एक कुणी बोलत नाही. काचेतून खाडी दिसायला हवी, म्हणून पुढचे माड जातात. ज्यांच्यामुळे वाडी लपते तेच. मग दुपारनंतरचं ऊन थेट आत, म्हणून पडदे, म्हणून एसी. खाडी बघायला काच, आणि काचेवर दिवसभर पडदा! पडवीत बसून खाडी फुकट दिसत होती.

पण नवं ते वाईट, असं मला म्हणायचं नाही. रत्नागिरीजवळचा, कोकण रेल्वेचा पानवलचा पूल बघितलाय ना? ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब, नुसतं राखाडी काँक्रीट. तरी गाडीतून उतरून बघत राहावंसं वाटतं. खांब सडसडीत, दरी तशीच मोकळी, झाडी खालून चालू राहते, आणि उगाच लावलेलं काही नाही. तुम्ही ज्या कौलांसाठी हळहळता तीही एके काळी नवीच होती. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी इकडे गवत, झापं आणि कुंभाराचे नळे. तेव्हाही कुणा आजोबांनी नाक मुरडलंच असेल. पण ते लाल कौल चिऱ्याच्या रंगात मिसळलं, त्याला उतार होता, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. म्हणून ते इथलं झालं.

तेव्हा घर नवं बांधाच. माकडं आणि शाकारणी यांचा त्रास खरा आहे, तो सोसत बसा असं मी सांगणार नाही. स्लॅब तिरपा टाका, त्यावर कौलं बसवा. माकडाने चार फोडली तरी आत थेंब येत नाही, सवडीने बदला. जुन्या घराची धड कौलं आणि चिरे जपून उतरवून घ्या, वापरता येतात. बाहेरून चिरा उघडा ठेवा, रंगाचा खर्च वाचेल. पुढे रुंद पडवी. कुंपणाला गडगा; ते चकचकीत स्टीलचे कठडे खाऱ्या वाऱ्यात डागाळतातच. काळी प्लास्टिकची टाकी छपरावर नको. तुमच्यामागे चढ असेल तर परसात छपराइतक्या उंचीवर ठेवा, पाण्याला जोर तितकाच मिळेल.

दोन मजले वर चढवण्याबद्दल : ग्रामीण किनाऱ्यावर सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांत घराला ९ मीटर उंची आणि तळमजल्यावर एकच मजला, एवढीच मुभा आहे. खाडीलाही सीआरझेड लागतो. तुमची जागा नकाशात कुठे येते ते पाया खणण्याआधी बघून घ्या, नाही तर भावजींचा वरचा दुसरा मजला कागदावरच राहील.

एवढ्यानेही ते ऐकले नाहीत, तर वाद घालू नका. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाच्या परवानगीआधी जागेवर खांब रोवून इमारत केवढी होणार ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवावं लागतं. आपल्याकडे कळक आहेत, म्हणजे बांबू. बंगल्याच्या चार कोपऱ्यांवर चार उंच कळक रोवा, त्याच उंचीला लुगडं ताणून बांधा, आणि मे महिन्यात भावजी आले की त्यांना जयगडच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तुमच्या काठावर तवसाळला आणा. लुगडं लालच घ्या. हिरवं माडांत हरवतं.