लवलेस पहिल्यांदा ऐकणार असशील तर हे वाच

अरे पहिल्यांदा लावशील ना तेव्हा वाटेल हेडफोनच बिघडलाय, मलापण तसंच वाटलेलं. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा हा अल्बम १९९१चा, क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीने काढलेला, दोनेक वर्षं रेकॉर्डिंग चाललेलं आणि स्टुडिओ तर इतके बदलले की विचारू नकोस. शब्द शोधत बसू नको, गाणाऱ्यांचे आवाज मुद्दाम गिटारच्या खाली दाबलेत, बँडची गायिका बिलिंडा बुचर काय गातेय ते मला अजून नीट कळत नाही आणि त्याने काही बिघडत नाही. बँडचा गिटारिस्ट केव्हिन शील्ड्स गिटार वाजवतानाच ट्रेमोलोचा दांडा (गिटारवरचा, तारा ढिल्या-ताठ करून सूर खालीवर करणारा) हातात धरून सतत हलवत राहतो, म्हणून सूर असा डोलतो, जरा बेसूर झाल्यासारखा आणि परत जागेवर, आवाज बदलणाऱ्या पेडल्सचा ढीग आहे असं लोकांना वाटतं पण खरी गंमत त्या हातात आहे. फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नको, सगळा चिखल होतो. रात्री, सलग, साधारण ४८ मिनिटं, शफल बंद. 'ओन्ली शॅलो' या पहिल्याच गाण्याने दचकशील, मधे कंटाळशील कदाचित, 'समटाइम्स' या गाण्यापर्यंत थांब मात्र. नाहीच आवडला तर महिनाभराने परत लाव, मला तिसऱ्यांदा लागला.